एम.ए. समाजशास्त्राचे ते 120 तास जातात कुठे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर खुशाल कात्री लावा, फक्त मधला ऊसतोडीचा भाग तेवढा राहू द्या, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे.

नवीन शैक्षणिक धोरण पीजीला लागू झालं 2023-24 पासून, आणि तेव्हापासून एम.ए.ला ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग नावाचा प्रकार आलाय, त्याऐवजी फिल्ड प्रोजेक्ट केला तरी चालतो. दोन वर्षांच्या 88 क्रेडिटपैकी 4 क्रेडिट यालाच, क्रेडिटला 30 तास धरले की झाले 120 तास. शिवाय पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धतीचा पेपर आणि दुसऱ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट, तो 4 आणि 6 मिळून 10 क्रेडिटचा. म्हणजे कागदावर बघाल तर आमच्या वेळच्या एम.ए.पेक्षा कितीतरी चांगलं आहे, आम्ही पेपर पाठ केले, लिहिले आणि सुटलो. उपयोजित समाजशास्त्र तेव्हा एखाद्या पेपरातल्या एखाद्या युनिटपुरतं होतं, ते पण बऱ्याचदा ऑप्शनला टाकायचं. आता अख्खी सोय अभ्यासक्रमातच करून ठेवलीय. आणि तरी हे तास जातात कुठे असं विचारतेय, कारण माझ्याकडे कामाला जी पोरं-पोरी येतात त्यांच्या फायलीत मला ते सापडत नाहीत.

मी सोलापूरची, सर्वेक्षणाच्या कामात बरीच वर्षं आहे, आधी फॉर्म भरत फिरायचे आणि आता टीम बघते. मागे एक मुलगी मुलाखतीला आली, एम.ए. समाजशास्त्र, मार्क उत्तम, बोलायला चुणचुणीत. ओजेटी कुठे केलंस विचारलं तर सर्टिफिकेट पुढे केलं ते मामाच्या झेरॉक्स सेंटरचं, शिक्का-सहीसकट. कॉलेजने म्हणे सांगितलं होतं की कुठलंही आस्थापना चालेल, फक्त लेटरहेड पाहिजे. मी तिला हसले नाही कारण तिचा दोष शून्य. दुसऱ्या एका पोराने फिल्ड प्रोजेक्ट केलेला, विषय 'ग्रामीण महिलांच्या समस्या', शंभर प्रश्नावल्या, आणि शंभरच्या शंभर मित्रमैत्रिणींना गुगल फॉर्म पाठवून भरलेल्या, त्यात ग्रामीण किती आणि महिला किती हे त्यालाच सांगता येईना. निष्कर्ष मात्र पाच पानांचे. हे एका कॉलेजचं नाही, नावं मी घेणार पण नाही, पण जे या कामात आहेत त्यांना विचारा, सगळे हेच सांगतील.

आता कोणी म्हणेल समाजशास्त्र हा विचार करायचा विषय आहे, त्यात पायपीट कशाला. तर या विषयाची सुरुवातच आपल्याकडे पायपिटीतून झालीय. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली, आणि हा माणूस मुळात शहरं गल्लीबोळातून फिरून बघणारा, आधी सर्व्हे करा आणि मग नकाशाला हात लावा असं सांगणारा, होळकरांच्या इंदूरसाठी त्यांनी 1918 मध्ये केलेला नगररचनेचा रिपोर्ट आजही नावाजला जातो. पुढे त्याच विभागात गो. स. घुर्ये आले आणि विषयाला त्यांनी भक्कम बैठक दिली हे मान्यच. पुण्यात डेक्कन कॉलेजात इरावतीबाई कर्वे, त्या तर फिरण्यातच हयात घालवलेल्या, आणि जय निंबकरांबरोबर त्यांनी कोयना धरणाने उठलेल्या लोकांचा सर्व्हे केला तो 1969 मध्ये छापून आला. धरण झालं, वीज आली, पण उठलेली माणसं कुठे गेली, त्यांच्या सोयरिकी कशा तुटल्या, नवीन गावात त्यांना कोण विचारतं, हे विचारायला समाजशास्त्रवाली बाई लागली. आणि कोयनेच्या लोकांची आंदोलनं आत्ता आत्तापर्यंत चाललीयत, तेव्हा तो सर्व्हे काय फक्त लायब्ररीत ठेवायला केला होता का? उपयोजित म्हणजे वेगळं काही नसतं हो, हेच असतं.

पण फिल्डवर नेमकं येतं काय आणि शिकायचं काय असतं, ते सांगितल्याशिवाय लोकांना पटत नाही, म्हणून एक साधी गोष्ट घेते. सर्व्हेचा पहिलाच प्रश्न असतो, घरात माणसं किती. सोपा वाटतो ना? आमच्याकडे कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे, असंच शिकवतो आम्ही. धाराशिवकडच्या एका गावात एक वाडा, दार एक, आत भाऊ तीन, रेशनकार्डं तीन (कारण धान्य कार्डावर मिळतं, म्हणून कागदावर वेगळे झालेले), आणि चुली दोन. थोरल्याची वेगळी, धाकट्या दोघांची एकत्र. म्हातारी आई पाळीवर, महिनाभर इकडे आणि महिनाभर तिकडे. आता सांगा, कुटुंबं एक, दोन की तीन? आणि आई कुठे लिहायची? नवीन पोरगा थोरल्याच्या दारात विचारतो तर तो म्हणतो आई धाकट्याकडे असते, धाकट्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणते आत्याबाईंचं कार्ड थोरल्यांच्यात आहे. दोघं खोटं बोलत नाहीत. पण पोराने कुठेच लिहिली नाही तर ती बाई हिशोबातून गायब, आणि दोन्हीकडे लिहिली तर म्हाताऱ्या बायका दुप्पट. श्रावणबाळ, निराधार वगैरे योजनांचे अंदाज अशाच आकड्यांवर उभे असतात. तिथे ओट्यावर बसून म्हातारीलाच विचारायचं असतं की काल रात्री भाकरी कुणी वाढली, आणि हे विचारताना सूना ऐकतायत याचं भान ठेवायचं असतं, नाहीतर आपण निघून जातो आणि मागे भांडण लागतं. हे कुठल्या गाईडमध्ये लिहिलेलं नाही, हे फिल्डवर कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं, आणि त्यासाठीच ते 120 तास आहेत असं माझं म्हणणं.

आता ऊसतोड. बीड, धाराशिव, जालना, परभणी, अहिल्यानगरचा पाथर्डी-शेवगावचा पट्टा, इथून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे माणसं उठतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात, ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत (हंगाम संपेपर्यंत) म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून आगाऊ पैशाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही, हे सगळं महाराष्ट्राला माहिती आहे, निदान बातम्यांपुरतं तरी. आता कुणीतरी सर्व्हेचं कंत्राट काढतं, पैसे मार्चच्या आत खर्च व्हायला हवेत म्हणून फिल्डचं काम येतं डिसेंबर-जानेवारीत. टीम तांड्यावर जाते तर निम्म्या घरांना कुलूप. टॅबमध्ये ऑप्शन आहे 'घर बंद', नियम असा की दोनतीनदा जाऊन बघा, नाही सापडले तर शेजारचं घर घ्या. सुपरवायझरला दिवसाचं टार्गेट असतं, तो दोनतीनदा कशाला जातोय, पहिल्याच फेरीत बदली घर. बदली घर कुणाचं, तर जे गावात राहिलेत त्यांचं, म्हणजे ज्यांच्याकडे थोडी पाण्याची जमीन आहे, टपरी आहे, नोकरी आहे. संध्याकाळपर्यंत नमुना पूर्ण, आकडा पूर्ण, बॅकचेकला (म्हणजे फेरतपासणीला) पण पास, आणि जे गावातले सगळ्यात गरीब तेच नेमके त्यातून बाहेर. रिपोर्टमध्ये मग छापून येतं की या गावची परिस्थिती समाधानकारक. कुणी चोरी केली नाही, फक्त कॅलेंडर कुणी बघितलं नाही.

हे मी कुठल्यातरी किरकोळ सर्व्हेबद्दल बोलतेय असं वाटेल, म्हणून मोठं उदाहरण घेते. राज्य मागासवर्ग आयोगाने जानेवारी 2024 च्या शेवटच्या आठवड्यात मराठा आणि खुल्या प्रवर्गाचं घरोघर सर्वेक्षण केलं, दीडशेहून जास्त प्रश्न, मोबाईल ॲपवर, आणि घरोघर गेले ते शिक्षक, महापालिकेचे कर्मचारी वगैरे. आरक्षण द्यावं की न द्यावं हा माझा इथे विषयच नाही, त्याच्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मी फक्त तारीख बघतेय. जानेवारीचा शेवटचा आठवडा म्हणजे ऊसतोडीचा भर. त्या आठवड्यात मराठवाड्यातली कितीतरी घरं, त्यात मराठा पण आलेच, सांगली-कोल्हापूरच्या फडात कोप्या (पाचटाच्या झोपड्या) टाकून बसलेली होती. तारीख ठरवताना त्या टेबलावर फिल्ड केलेलं कुणी असतं तर हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत निघाला असता. आणि ज्या शिक्षकांना शाळा सोडून दारोदार जावं लागलं त्यांची पण कीव येते, थोडंसं ट्रेनिंग देऊन एवढी प्रश्नावली हातात दिली, लोक दारात उभं करत नव्हते, सर्व्हर चालत नव्हता, आणि त्याच वेळी त्याच जिल्ह्यात संशोधन पद्धतीचा पेपर देऊन बसलेली एम.ए.ची पोरं घरी नोट्स पाठ करत होती.

आणि आता जनगणना येतेय. गणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत, परत तोच हंगाम. यावेळी जात पण नोंदली जाणार आहे. नियमाप्रमाणे माणूस त्या काळात जिथे असेल तिथे मोजला जायला हवा, म्हणजे तोडकरी फडात मोजले जायला हवेत. पण कोप्या आज या शिवारात तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या, पहाटे अंधारातच बायका-माणसं तोडीला गेलेली, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून संध्याकाळी येणार, गणना करणारे गुरुजी सकाळी अकराला तिथे गेले तर त्यांना दिसणार पाळण्यातलं पोर आणि त्याला हलवणारी सातआठ वर्षांची बहीण. ती काय सांगणार जात आणि शिक्षण? 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, जिल्ह्यात 82 हजारांहून जास्त बायकांची माहिती घेतली तर 13 हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. ही गोष्ट वर्षानुवर्षं चालू होती ना? दवाखान्याचे रेकॉर्ड होते, बायका होत्या, गावं होती. तिथे जाऊन विचारणारं कुणी नव्हतं, आणि विचारायला शिकवणारा विषय आपल्याकडे डझनावारी कॉलेजात शिकवला जातो!

आता नोकरीचं. पालक हेच विचारतात आणि विचारावंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी गुलाबी चित्र रंगवणार नाही. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, प्राध्यापकी म्हणजे काय हाल असतात ते सगळ्यांना माहितीय, सेट-नेट होऊन पोरं तासावर राबतायत. बरीचशी मुलं एम.ए. घेतात ती एमपीएससी-यूपीएससीचा बेस म्हणून, नाहीतर हॉस्टेल आणि स्कॉलरशिप चालू राहावी म्हणून, त्यात पण मला काही गैर वाटत नाही. पण काम नाहीच असं जे म्हणतात ते चूक आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करायचा असतो, तो रिपोर्ट तपासायला जो तज्ज्ञगट बसतो त्यात दोन बिगरसरकारी सामाजिक शास्त्रांचे अभ्यासक (सोशल सायंटिस्ट) घ्यायचे असं कायद्यातच लिहिलंय. (महाराष्ट्राने 2018 मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना यातून सूट द्यायची वाट काढून ठेवली, तो वेगळ्या पत्राचा विषय.) 2021 पासून मोठ्या कंपन्यांना, ज्यांची सीएसआरची (सामाजिक कामावर खर्च करायची) रक्कम सरासरी दहा कोटी किंवा त्याच्या वर जाते, त्यांना एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रोजेक्टचं बाहेरच्या स्वतंत्र संस्थेकडून इम्पॅक्ट असेसमेंट करून घ्यावं लागतं. पुण्या-मुंबईत अशा कामाच्या एजन्सी उभ्या राहिल्यात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेकडून चालतं, त्याला गावोगावी फिरणारी माणसं लागतात. म्हणजे काम आहे. ते कंत्राटी आहे, सुरुवातीला पैसे कमी आहेत, फॉर्ममागे मोजून देणारे पण आहेत आणि टीए-डीए बुडवणारे पण आहेत, हे सगळं खरं. पण चारपाच वर्षं नीट काढली तर माणूस रिपोर्ट लिहिण्यापर्यंत पोचतो, आणि तिथून पुढे बरं चालतं.

फक्त हे काम मिळतं कुणाला तर एमएसडब्ल्यूवाल्यांना, म्हणजे समाजकार्य शिकलेल्यांना. कर्वे समाज सेवा संस्था, निर्मला निकेतन, टाटा इन्स्टिट्यूट, इथून निघालेली मुलं. ती हुशार आहेत म्हणून नाही, आमची पोरं पण तेवढीच हुशार आहेत. पण त्यांना पहिल्या वर्षापासून आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क असतं, वस्तीत जायचं, परत येऊन लिहायचं, आणि ते लिहिलेलं सुपरवायझर वाचतो, लाल पेनने खुणा करतो, पुढच्या आठवड्यात परत विचारतो. टाटा इन्स्टिट्यूट 1936 मध्ये सुरू झाली ती नागपाड्याच्या वस्तीत काम करता करताच, आणि 1986 पासून त्यांचा कॅम्पस तुळजापूरला आहे, आमच्या सोलापूरपासून तासाभरावर. पण तिथे आमच्या जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या एम.ए. किंवा बी.ए.वाल्या पोरीने जायचं म्हणजे सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्या, मग इंग्रजीत शिका. नेट पण इंग्रजी-हिंदीतच. एक सेट तेवढी मराठीत लिहिता येते. मग होतं काय की जी मुलगी तांड्यावर जाऊन दोन मिनिटांत बायकांना बोलती करू शकते ती डेटा एंट्रीला बसते, आणि जिला तांड्यावर कुणी पाणी पण विचारत नाही ती टीम लीडर होते, कारण रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असतो. मला स्वतःला इंग्रजी येतं म्हणून मी पुढे आले, एवढं स्पष्ट लिहिते. हे अवघड दुखणं आहे, एका पत्राने जाणार नाही.

पण ओजेटीचं दुखणं जाण्यासारखं आहे, त्याला नवीन जीआर लागत नाही की पैशाची मोठी तरतूद लागत नाही. विषय कॉलेजच्या भोवतीच पडलेले आहेत. सोलापुरात विडीकामगार बायकांची वसाहत कुंभारीला, गोदूताई परुळेकरांच्या नावाची जुनी, आणि आता शेजारी रे नगर, तिथली पहिली 15 हजार घरं जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. घर मिळालं ही मोठीच गोष्ट, पण गावातल्या झोपडीतून बाई तिकडे गेली की तिचं विडीचं पान-तंबाखू आणायचं कसं होतं, विडी द्यायला जायचं भाडं किती, पोरींची शाळा सुटली का, सासूला दवाखान्यात न्यायला रात्री रिक्षा मिळते का, घर कुणाच्या नावावर आणि त्याने घरातलं वजन बदललं का, हे दोन वर्षांनी परत परत जाऊन विचारायला पाहिजे. एवढ्या मोठ्या वसाहतीवर दहा बॅचचे रिसर्च प्रोजेक्ट होतील आणि तरी विषय संपणार नाही. सांगली-कोल्हापूरच्या कॉलेजांना कोप्या आहेत. इचलकरंजीला माग आहेत. पुण्यात सकाळी चौकाचौकात मजूर अड्डे भरतात. नंदुरबारची माणसं गुजरातच्या उसाला जातात, तिथल्या कॉलेजातली अर्धी पोरं त्याच घरांतली आहेत, त्यांना तर फिल्ड शोधायला जायचीच गरज नाही. आणि 'ग्रामीण महिलांच्या समस्या' हा विषय कृपा करून आता कुणाला देऊ नका, समस्या कुठली, कुठल्या गावची, कुठल्या महिलांची, एवढं ठरवलं तरी निम्मं काम होतं.

जनगणनेच्या बाबतीत तर अगदी साधी गोष्ट सुचवते. मोजणी सरकारी माणसानेच करावी, कायदा तसाच आहे आणि माहिती गुप्त राहिली पाहिजे. पण कुठल्या शिवारात किती कोप्या पडल्यात, कुठल्या गावची माणसं, टोळी परत किती वाजता येते, मुकादम कोण, एवढी यादी एम.ए. समाजशास्त्राची दहा-बारा पोरं कारखान्याच्या शेती ऑफिसकडून स्लिपबॉयच्या (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याच्या) मदतीने जानेवारीत करून तहसीलदारांना देऊ शकतात. मोजणाऱ्या गुरुजींचा हेलपाटा वाचेल, माणसं सुटणार नाहीत, आणि पोरांचे 120 तास खरेखुरे भरतील. आणि यादी करताना पोरांनी कुणाचे फोटो काढू नयेत, रील तर अजिबात नको, आधी परवानगी विचारायची आणि बाई नको म्हणाली तर उठून यायचं, ही पण शिकवायचीच गोष्ट आहे.

प्राध्यापकांवर सगळं ढकलून मोकळं व्हायचं असा माझा हेतू नाही. एकेका विभागात कायमचा एक माणूस आणि बाकी तासावरचे, त्यात नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली, परीक्षेची कामं, ॲडमिशन, तो पोरांना घेऊन फिल्डवर जाणार कधी. सीएचबीवाल्याला वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, कोपीवर घालवलेल्या दिवसाचे नाही. हे बदला. फिल्डवर पोरांबरोबर घालवलेला दिवस मानधनात धरा, मग बघा किती जण जातात. आमच्यासारखे बाहेर काम करणारे लोक पण आहेत, बोलवा की आम्हाला, चहावर येऊ. प्रश्नावली कशी तपासायची, खोटा भरलेला फॉर्म कसा ओळखायचा (सगळ्या घरांत शेवटचं जेवण बरोबर साडेआठलाच झालेलं असेल तर पोराने पारावर बसून भरलंय समजावं), एक्सेलमध्ये साधा तक्ता कसा काढायचा, हे आठवड्याभरात शिकवता येतं.

आणि विद्यापीठांनी एक करावं. ओजेटीच्या शेवटी सर्टिफिकेट मागता ना, त्याऐवजी फिल्ड डायरी मागा. रोज कुठे गेलो, कुणाला भेटलो, काय विचारलं, कुठे अडलो, हाताने लिहिलेली, आणि तोंडी परीक्षेत त्यातलं एक पान उघडून विचारा. झेरॉक्स सेंटरचा शिक्का त्यात चालणार नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाने आणि महापालिकेने पण आपल्याला कुठल्या विषयावर माहिती हवीय त्याची यादी कॉलेजांना दिवाळीच्या आधी द्यावी, कारण दिवाळी झाली की ट्रॅक्टर भरून माणसं निघतात आणि मग गावात विचारायला कुणी उरत नाही. जाण्यायेण्याचा खर्च राहिला तो एवढाच, मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहेच, उरलेलं अर्धं कॉलेजने द्यावं.

कळावे,
आपली एक वाचक, सोलापूर
(याच क्षेत्रात पोट भरते, त्यामुळे नाव छापू नये ही विनंती.)